माझें पडसें

गेल्या वर्षीं जानेवारी महिन्यांत एके दिवशीं सायंकाळीं शाळा सुटल्यावर मी हडपसरच्या थांब्यावर बसमध्यें चढलों. कंडक्टरनें नेहमीप्रमाणें विचारलें, “कुठं?” मीं पैसे पुढें करून म्हटलें, “बाजरी.” तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला व मोठ्या गंभीरपणानें म्हणाला, “साहेब, बाजरी मार्केट यार्डात मिळते. ही गाडी मांजरीला चालली.” भोंवतालचे उतारू हसले. मीहि हसलों, कारण हसण्यावांचून दुसरा उपाय नव्हता. मला मांजरीचेंच तिकीट पाहिजे होतें. ज्या गांवीं माझें घर आहे, त्या गांवाचें नांवच त्या दिवशीं माझ्या तोंडून निघेना. मला पडसें झालें होतें.

वाचकहो, पडशासारखा क्षुद्र विषय शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें आपणांस वाटेल. ज्या अंकांत थोरांचीं चरित्रें, प्रवासवर्णनें आणि विद्यार्थ्यांचीं यशें छापावयाचीं, तेथें चोंदलेल्या नाकाची कथा शोभत नाहीं, हें मलाहि समजतें. परंतु त्या आठ-नऊ दिवसांच्या पडशानें मला जें शिकविलें, तें इतक्या वर्षांच्या अध्यापनानें शिकविलें नव्हतें. शिवाय या कथेंत माझी एक चूक आहे. ती ज्या वर्गासमोर घडली, त्या वर्गाच्या हातीं हा अंक पडणार. म्हणून ती येथेंच सांगणें मला योग्य वाटतें.

मांजरी हें मुळा-मुठेच्या कांठचें गांव. नदीच्या अलीकडे मांजरी बुद्रुक, पलीकडे मांजरी खुर्द. जून २०२१ मध्यें मांजरी बुद्रुकचा समावेश पुणें महानगरपालिकेंत झाला. उंच इमारती उठल्या, मळे आक्रसले. तरी हिंवाळ्यांत पहाटे नदीवरून धुकें येतें, तें मात्र कोणाच्या हद्दी मानीत नाहीं. त्या धुक्यांतून मी रोज सकाळीं घराबाहेर पडतों. त्या आठवड्यांत गारठा विशेष होता आणि मी कानटोपी विसरलों होतों. माझ्या मातुःश्रींच्या मतें पडशाचें कारण तेवढेंच. त्यांनीं आल्याचा काढा, ओव्याची पुरचुंडी आणि गरम पाण्याची वाफ असे तिन्ही उपाय एकदमच सुरू केले. तरी दुसऱ्या दिवशीं सकाळपर्यंत नाकाच्या दोन्ही वाटा बंद झाल्या त्या झाल्याच.

अशा अवस्थेंत मी सहावीच्या वर्गावर गेलों. मुलें उठून “गुड मॉर्निंग, सर” म्हणालीं. मीं उत्तर दिलें, “गुड बॉर्डिग.” मिशनच्या शाळेंत ‘बोर्डिंग’ म्हणजे काय, हें कोणाला सांगावें लागत नाहीं. पहिल्या बांकावरील वसतिगृहांतील मुलांनीं एकमेकांकडे पाहिलें आणि तेथूनच हशाला आरंभ झाला. मग हजेरी. आमच्याकडे हजेरी क्रमांकानें घेतात. मी पुकारूं लागलों: “एक, दोद, तीद...” ‘दऊ’ हा क्रमांक आपला आहे हें नवव्या मुलाच्या ध्यानींच येईना. ‘एकोडीस’पर्यंत पोंचतांना वर्गांत असा हशा पिकला कीं, शेजारच्या वर्गाच्या बाईंनीं डोकावून पाहिलें. मला राग आला नाहीं. मी वर्गाकडे पाहून हसलों. तेवढ्यांत माझी दृष्टि खिडकीजवळच्या बांकावर गेली. तेथें बसलेला एक मुलगा तेवढा हसत नव्हता. तो माझ्या तोंडाकडे एकाग्रतेनें पाहत होता. त्या वेळीं मला त्याचें विशेष कांहीं वाटलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं ठरविलें कीं, हशा झालाच आहे तर त्याचा धडा करावा. फळ्यावर वर्णमाला लिहिली: क ख ग घ ङ, च छ ज झ ञ, ट ठ ड ढ ण, त थ द ध न, प फ ब भ म. आपल्या पूर्वजांनीं हीं अक्षरें वाटेल तशीं मांडलेलीं नाहींत. प्रत्येक ओळ तोंडांतील एकेका जागेची आहे. क-वर्ग कंठाचा, च-वर्ग टाळूचा, ट-वर्ग जीभ मागें वळवून म्हणावयाचा, त-वर्ग दांतांचा आणि प-वर्ग ओंठांचा. प्रत्येक ओळींतील पांचवें अक्षर मात्र एकट्या तोंडाचें नव्हे. त्याला नाकाचेंहि साहाय्य लागतें. म्हणून त्यास अनुनासिक म्हणतात. पाणिनीनें अनुनासिकाचें लक्षण सांगतांना मुख आणि नासिका या दोहोंचाहि उल्लेख केला आहे, तो याचसाठीं.

नंतर मीं मुलांना सांगितलें, “आतां प्रत्येकानें चिमटींत नाक धरावें आणि माझ्यामागून म्हणावें: मामा, नाना.” वर्गांतून एकच गर्जना उठली: “बाबा, दादा!” कांहीं मुलें पुन्हां पुन्हां म्हणून पाहूं लागलीं. नाक धरतांच मोराचा बोर झाला, माळेचें बाळ झालें, नळाचें दळ झालें आणि मानाचा तर थेट ‘बाद’ झाला. मग मीं फळ्याकडे बोट दाखवून विचारलें, “हें पांचवें अक्षर कोठें गेलें?” एका मुलीनें चटकन् ओळखलें: म गेला तो ब वर, न गेला तो द वर, ण गेला तो ड वर. पांचव्या घरांतून सारीं अक्षरें त्याच ओळींतील तिसऱ्या घरांत जाऊन बसलीं! जीभ आणि ओंठ आपलें काम पूर्वींप्रमाणेंच करतात, कंठांतून नादहि येतो. नाकाची वाट तेवढी नसते. म्हणून अक्षर आपली ओळ सोडीत नाहीं, फक्त घर बदलतें. आमच्या गांवाचेंहि तसेंच झालें. ‘मांजरी’तील म चा ब झाला, मधला अनुनासिक गळला, आणि ‘बाजरी’ उरली.

याची रचनाहि सोपी आहे. तोंडाच्या छताचा पुढील भाग कठीण आणि मागील भाग मऊ असतो. त्या मऊ भागाच्या टोकाला पडजीभ लोंबते. हा मऊ पडदा वर उचलला कीं नाकाकडील वाट बंद होते, सैल सोडला कीं उघडते. क, त, प म्हणतांना तो वर असतो. म, न, ण म्हणतांना खालीं येतो व नाद नाकांतून बाहेर पडतो. पडशांत पडदा खालीं येतो खरा, पण पुढें नाकच बंद! कोणाला शंका असल्यास त्यानें ओंठ मिटून ‘म्’ असा लांब सूर धरावा आणि मध्येंच नाक दाबावें. सूर तत्काळ थांबेल. आपण ‘नाक दाबलें कीं तोंड उघडतें’ असें म्हणतों, ती म्हण शरीरशास्त्राच्या दृष्टीनेंहि खरी आहे.

आणखी एक गैरसमज येथेंच दूर करतों. पडसें झालेल्या माणसाला आपण ‘नाकांत बोलतो’ असें म्हणतों. वस्तुतः तो नाकांत बोलूं शकत नाहीं, हेंच त्याचें दुःख असतें. ज्याची टाळू जन्मतः दुभंगलेली असते, त्याचा नाद नको तेथें नाकांतून निसटतो. त्याचें बोलणें खरोखर नाकांतलें. दोघांची व्यथा परस्परविरुद्ध आहे, आणि आपण दोघांनाहि एकच नांव ठेवतों. बोलणाऱ्याकडे आपण किती थोडें लक्ष देतों, याचें हें उदाहरण आहे.

जुन्या मराठी लेखनांत आपण अक्षरांवर जे टिंब देत होतों, त्यांपैकीं पुष्कळ टिंबें एके काळीं नाकांतून उच्चारलीं जात, असें व्याकरणकार सांगतात. १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं उच्चारांत न उरलेले अनुस्वार लेखनांतून काढले. मी वडिलांच्या हाताखालीं अक्षर गिरविलें असल्यामुळें घरगुती लेखनांत अजून ते देतों, आणि संपादकांनीं या लेखापुरते ते राहूं दिले आहेत. नियमांनीं तरी न उच्चारलेलेच अनुस्वार नेले. पडसें उच्चारलेलेहि नेतें.

आतां पडशाविषयीं थोडेंसें. थंडी ही पडशाची वेळ असेल, पण थंडी म्हणजे पडसें नव्हे. पडसें होतें तें विषाणूंमुळें. त्यांतील प्रमुख घराणें राइनोव्हायरसचें. ‘राइनो’ हा ग्रीक भाषेंतून आलेला नाकवाचक शब्द आहे. या विषाणूनें नाकाच्या आंतील अस्तरांत प्रवेश केला कीं तेथील रक्तवाहिन्या फुगतात व अस्तर सुजतें. म्हणूनच कितीहि शिंकरलें तरी नाक मोकळें होत नाहीं. अडथळा केवळ शेंबडाचा नसतो, सुजेचा असतो. सूज घशांत उतरली कीं स्वरयंत्रांतील स्वरतंतु जाड होतात आणि आवाज घोगरा व खालच्या पट्टींतला होतो. नाकापासून कानाकडे जाणारी नळी बंद झाली कीं आपलाच आवाज आपल्याला घागरींत बोलल्यासारखा ऐकूं येतो. शिवाय श्वास तोंडानेंच घ्यावा लागतो. त्यामुळें लांब वाक्य मध्येंच तुटतें. इतके दिवस मुलांना ‘पूर्णविरामापर्यंत एका दमांत वाचा’ असें सांगणारा मी स्वतः प्रत्येक स्वल्पविरामाशीं थांबूं लागलों.

मुलांनीं विचारलें, “सर, मग याची लस कां नाहीं?” प्रश्न योग्य होता. १९६६ सालीं स्थापन झालेली सीरम इन्स्टिट्यूट ही आमच्या हडपसर-मांजरीच्याच बाजूची. १२ जानेवारी २०२१ रोजीं पहाटे कोविडवरील लशीच्या पहिल्या पेट्या घेऊन तिचे ट्रक विमानतळाकडे निघाले, हें या परिसरांतील लोकांच्या स्मरणांत आहे. जेथून जगाला लस गेली, तेथील रहिवाशाला साध्या पडशावर लस मिळूं नये, हें चमत्कारिक खरें. पण कारण आहे. पडशाला कारण होणारा विषाणु एक नव्हे. एकट्या राइनोव्हायरसचेच शंभराहून अधिक प्रकार आहेत, आणि त्याशिवाय इतर घराणीं निराळीं. एका प्रकाराला शरीरानें ओळखलें, तरी दुसरा नव्या वेषानें येतो. इंग्लंडांत सॅलिसबरी येथें १९४६ सालीं केवळ पडशाच्या अभ्यासासाठीं एक संशोधन-केंद्र सुरू झालें. तेथें स्वयंसेवक स्वखुषीनें पडसें करवून घेत. तें चार दशकांहून अधिक काळ चाललें. ज्ञान पुष्कळ वाढलें, पण पडसें गेलें नाहीं. तेव्हां विश्रांति, पाणी, वाफ, हात धुणें आणि शिंकतांना तोंड झांकणें, हेंच खरें. प्रतिजैविक औषधें विषाणूंवर चालत नाहींत. तीं पडशासाठीं आपल्या मनानें घेऊं नयेत.

इतका धडा झाला आणि तास संपला. पण त्या तासांतील एक दृश्य मीं अद्याप सांगितलेलें नाहीं. सर्व वर्गानें नाकें चिमटींत धरलीं, तेव्हां खिडकीजवळच्या त्या मुलानें धरलें नाहीं. मी त्याला रागावणारच होतों. इतक्यांत माझ्या लक्षांत आलें कीं, त्याला नाक धरण्याचें कारणच नव्हतें. तो बारा महिने तसाच बोलत असे.

तास सुटल्यावर तो माझ्या मेजाजवळ आला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, “सर, तसले शब्द टाळा. दुसरे शब्द घ्या. वर्ग गप्प बसतो.” एवढें बोलून तो निघून गेला. मी खुर्चींत बसून राहिलों. त्या तीन वाक्यांत एकहि म नव्हता, न नव्हता, ण नव्हता.

मग मला सगळें आठवूं लागलें. ‘उशीर कां झाला?’ असें विचारलें कीं हा खालीं पाहत उभा राहत असे. मला तो उद्धटपणा वाटे. ‘गृहपाठ केलास काय?’ याला तो ‘झाला’ म्हणे, ‘मीं केला’ असें कधीं म्हणत नसे. उत्तर येत असूनहि हात वर करीत नसे. प्रगतिपुस्तकांत मीं ‘बोलण्यांत आळस’ असा शेरा लिहिला होता. आणि सर्वांत वाईट गोष्ट सप्टेंबरांत घडली होती. वक्तृत्वस्पर्धेसाठीं मुलें निवडावयाचीं होतीं. या मुलानें विषय घेतला होता पंडिता रमाबाई. १८८३ सालीं वैद्यकी शिकण्याच्या इच्छेनें रमाबाई इंग्लंडला गेल्या. पण कानांनीं नीट ऐकूं येत नसल्यामुळें तो मार्ग त्यांना बंद झाला. तरी त्या थांबल्या नाहींत. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदा सदन काढलें, पुढें तें पुण्यास आणलें, आणि नंतर केडगांवीं मुक्ति मिशन उभें केलें. केडगांव आमच्या मांजरीच्याच रेल्वेमार्गावर आहे. मुलानें हें सर्व स्वतः जमविलें होतें, आणि रमाबाईंच्या कानांविषयीं तो विशेष आस्थेनें बोलत होता. परंतु ‘मुक्ति मिशन’ हे शब्द आले आणि ‘बुक्ति बिशद’ असे उमटले. कोणीतरी ‘बुक्की!’ असें ओरडलें. वर्ग हसला. मीं वर्गाला गप्प केलें. पण नंतर त्या मुलाला म्हणालों, “आधीं उच्चार सुधार, मग भाषण कर,” आणि त्याचें नांव खोडून टाकलें. कानांनीं अधू असलेल्या एका थोर स्त्रीची कथा तो सांगत होता, आणि धडधाकट कानांचा मी ती ऐकत नव्हतों.

त्या रात्रीं मीं एक प्रयोग केला. म, न, ण न वापरतां एक पान लिहावयाचें ठरविलें. चार ओळींतच थकलों. ‘मी’ म्हणतां येईना, ‘माझें’ म्हणतां येईना. ‘आणि’ नाहीं, ‘पण’ नाहीं, ‘नाहीं’ हा शब्दसुद्धां नाहीं! पाणी मागतां येईना, अन्न मागतां येईना. मन, मान, नांव, माणूस, मित्र, सारेच दारें लावून बसलेले. येणें, जाणें, करणें, शिकणें, कोणतेंहि क्रियापद आपल्या मूळ रूपांत उच्चारावें तर शेवटीं ‘णें’ आहेच. एवढेंच काय, मराठी आणि महाराष्ट्र हीं नांवेंहि नाहींत. ज्या भाषेंत मला प्रौढ वयांत, शब्दकोश हाताशीं असतां, चार ओळी लिहितां येईनात, त्या भाषेंत एक अकरा वर्षांचा मुलगा रोज पांच तास शब्द निवडून निवडून बोलत होता. आणि त्यालाच मीं आळशी ठरविलें होतें.

शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत एक भयंकर कथा आहे. गिलादी लोकांनीं यार्देन नदीचे उतार रोखले. पार जाऊं पाहणाऱ्या प्रत्येकाला ते ‘शिब्बोलेथ’ हा शब्द म्हणावयास लावीत. एफ्राईमी माणसाला ‘श’ साधत नसे. तो ‘सिब्बोलेथ’ म्हणे. तेवढ्यावरून त्याला ओळखून ठार करीत. त्या वेळीं बेचाळीस हजार पडले, असें तेथें लिहिलें आहे. लहानपणापासून ही कथा मीं वाचली आहे आणि त्या पहारेकऱ्यांचा निषेध केला आहे. त्या रात्रीं मला प्रथमच दिसलें कीं, मी स्वतः वीस वर्षें एका उतारावर उभा आहें. ‘आनि’, ‘पानी’ म्हणणाऱ्या मळ्यांतल्या मुलांना मीं कितीदां थांबविलें आहे! पडशानें माझा न आणि माझा ण दोन्ही हिरावले, तेव्हां ‘पाणी’ म्हणणारा मी आणि ‘पानी’ म्हणणारें तें मूल, दोघे एकाच पंक्तीला बसलों. भाषा शुद्ध असावी, हें माझें मत बदललेलें नाहीं. तें शिकविणें माझें काम आहे. परंतु शिकविणें निराळें आणि उतारावर अडविणें निराळें. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील क्विल्यूट लोकांच्या भाषेंत तर पूर्वींचे म आणि न बदलून ब आणि द झाले होते. ती सबंध भाषाच त्या अक्षरांवांचून चालली, आणि त्यांच्यांत त्याबद्दल कोणी कोणाला हसण्याचें कारण नव्हतें. हसूं त्या अक्षरांत नसतें; ऐकणाऱ्यांत असतें.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं, नाक अजून तसेंच बंद असतां, मीं वर्गासमोर उभें राहून सप्टेंबरांतील गोष्ट सांगितली व त्या मुलाची क्षमा मागितली. पडसें बरें होईपर्यंत थांबावें, असा विचार आला होता. पण तें मला भित्रेपणाचें वाटलें. ‘क्षमा’ हा शब्द माझ्या तोंडून ‘क्षबा’ असा निघाला. वर्गांत कोणीहि हसलें नाहीं. एक क्षण गेला. मग खिडकीजवळून हसण्याचा आवाज आला. तो मुलगा हसत होता, आणि त्याच्यामागून आम्ही सगळेच हसलों.

पुढें मीं त्याच्या आईवडिलांना बोलाविलें. ते मळ्यांत कामाला जातात. आई म्हणाल्या, “लहानपणापासून तोंड उघडं ठेवून झोपतो, घोरतो. आम्हांला वाटलं, सवयच आहे.” आम्ही त्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलें. नाकाच्या मागें, पडजिभेच्या वरच्या बाजूस, लहान मुलांच्या घशांत अडिनॉइड नांवाची मऊ गांठ असते. वय वाढतें तशी ती बहुधा लहान होत जाते. पण कांहींची इतकी वाढते कीं नाकाची मागील वाटच बुजते. या मुलाचें तेंच झालें होतें. शिवाय कानाच्या पडद्यामागें पाणी सांचून त्याला ऐकूंहि थोडें कमी येत होतें. मीं ‘लक्ष नाहीं’ असें म्हणत असें, त्यांतील कांहीं भाग हा होता. आधीं कांहीं महिने औषधें झालीं. मे महिन्यांत सार्वजनिक रुग्णालयांत शस्त्रक्रिया झाली.

पालकांना माझी हात जोडून विनंति आहे. आपलें मूल नेहमी तोंडानें श्वास घेत असेल, झोपेंत घोरत असेल, त्याचे कान वरचेवर दुखत असतील, किंवा पडसें नसतांहि त्याचें बोलणें पडसें झाल्यासारखें वाटत असेल, तर त्याला रागावण्याआधीं डॉक्टरांना दाखवावें. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांला एवढेंच सांगणें कीं, वर्गांत कोणी अडखळलें तर हसूं येतें, तें मलाहि येतें. पण त्याचें वाक्य पुरें होईपर्यंत थांबावें.

माझें पडसें नवव्या दिवशीं गेलें. माझा म परत आला, न आला, ण आला. त्या मुलाचे मात्र हळूहळू आले. वाट मोकळी झाली तरी जिभेची आणि पडजिभेची जुनी संवय एका दिवसांत जात नाहीं. आम्ही दोघांनीं रोज मधल्या सुटींत दहा मिनिटें ‘मामा, नाना’ म्हणण्याचा अभ्यास केला. ऑगस्टांत त्यानें प्रार्थनासभेंत पंडिता रमाबाईंवर भाषण केलें. ‘मुक्ति मिशन’ येतांच तो क्षणभर थांबला. मग त्यानें ते दोन्ही शब्द म्हटले. म अजून जरा मऊ होता, पण तो म च होता.

त्या सायंकाळीं आम्ही दोघे एकाच बसनें घरीं निघालों. तोहि आमच्याच बाजूला राहतो. गर्दी फार होती. मी मागें अडकलों, म्हणून पैसे त्याच्या हातीं दिले. कंडक्टर तोच होता. त्यानें विचारलें, “कुठं?” मी कांहीं बोलणार, तोंच पुढून आवाज आला:

“दोन मांजरी.”